सवयी अंगणातच रुजतात

पुण्याहून सातारा रस्त्याने निघावे, नसरापूरपाशी उजवीकडे वळावे आणि मार्गासनी मागे टाकावी की थोड्याच अंतरावर विंझर लागते. डाव्या हाताला राजगड, समोर तोरणा. पुणे जिल्ह्यातील हा डोंगरी मुलूख पिढ्यानपिढ्या वेल्हे तालुका म्हणून ओळखला गेला. आता त्याला राजगड हे नाव मिळाले आहे. पावसाळ्यात येथे आभाळ भुईला टेकते. खाचराखाचरांतून भातलावणीची लगबग चालते, घरातील कर्ती माणसे दिवसभर गुडघाभर चिखलात असतात आणि तीन-चार वर्षांची मुले बांधावर, अंगणात, ओढ्याच्या काठी अनवाणी खेळत असतात. दुपारी भूक लागली की चिखलात माखलेला तोच हात परकराला किंवा चड्डीला पुसला जातो आणि भाकरीकडे वळतो. कोणी रागावत नाही, कारण रागवायला घरी कोणी नसते. आणि असले तरी त्यात रागावण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही.

राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी. त्याच्या सावलीत उभे राहिले की जिजाऊंच्या संस्कारांची आठवण होणे स्वाभाविकच आहे. आपण व्याख्यानांतून, बौद्धिकांतून, स्नेहसंमेलनांतून ती आठवण आवर्जून करून देतो. परंतु हे करताना ‘संस्कार’ हा शब्द आपण इतक्या उंच चौथऱ्यावर नेऊन ठेवला आहे की नखे कापणे, दात घासणे, जेवणाआधी हात धुणे, वेळेवर झोपणे या गोष्टी त्याच्या खाली कोठेतरी हरवून गेल्या आहेत. देशभक्ती, शौर्य, सत्यनिष्ठा हे संस्कार. आणि हात धुणे ही आईची किरकोळ कटकट, अशी नकळत विभागणी झाली आहे. ही विभागणी चुकीची आहे, आणि तिची किंमत लहान मुले आपल्या शरीराने मोजत आहेत, हेच आज येथे मांडावयाचे आहे.

किंमत केवढी, ते पाहू. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे. २०१५-१६ च्या आधीच्या सर्वेक्षणात खुजेपणाचे हे प्रमाण ३४.४ टक्के होते. म्हणजे देशातील संपन्न म्हणवणाऱ्या या राज्यात मधल्या वर्षांत रस्ते वाढले, दुचाक्या वाढल्या, हातोहाती मोबाईल आले. मुलांची उंची मात्र जागची हलली नाही. कुपोषणाची कारणे अनेक आहेत. आईचे स्वतःचे आरोग्य, लहान वयात होणारी लग्ने, आहारातील उणिवा, रोजगाराची ओढाताण ही सारी त्यात येतात. एकाच कारणावर सारा भार टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण आपल्या आज्या ज्याला ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे म्हणत, त्यातही वैद्यकीय सत्य आहे. वरचेवर जुलाब होणाऱ्या, पोटात जंत असणाऱ्या मुलाला दिलेला घास त्याच्या वाढीला पुरेसा उपयोगी पडत नाही. जंतांची अंडी मातीतून नखांत येतात आणि नखांतून पोटात जातात. अंकुशकृमी तर दूषित मातीत अनवाणी फिरणाऱ्या पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतो. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना गोळी दिली जाते, २०१५ पासून हा उपक्रम चालू आहे आणि तो उपयुक्तच आहे. परंतु गोळी आज पोटात असलेले जंत काढते. उद्या नखांतून जाणारे जंत अडवते ती सवयच. साबणाने हात धुण्याची सवय लावली तर मुलांमधील अतिसाराचे प्रमाण साधारणपणे ३० टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. इतक्या स्वस्तात इतका लाभ देणारे औषध दुसरे क्वचितच असेल.

मग हे साधे औषध घरोघर का पोहोचत नाही? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच एकदा शोधले गेले आहे, आणि ते शोधणाऱ्या दोन स्त्रियांचे स्मरण येथे केले पाहिजे.

ताराबाई मोडक या पदवीधर, विदुषी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाची धुरा वाहिली, मुंबईत दादरला शिशुविहार चालवले. शहरातील सुखवस्तू मुलांसाठी चाललेले हे शिक्षण गावातल्या गरिबाच्या मुलाला मिळेल तेव्हाच ते खरे, या जाणिवेने १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, तरीही जिद्दीने शिकलेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आयुष्य वेचणाऱ्या. केंद्र सुरू झाले, पण ज्यांच्यासाठी ते काढले ती वस्ती-पाड्यांवरची मुले येईनात. आईबाप कामावर, मोठी भावंडे धाकट्यांना कडेवर घेऊन बसलेली. शाळेत यायचे म्हणजे अंघोळ हवी, बरा कपडा हवा, आणि त्या दारात आपल्याला शिरू देतील ही खात्रीही हवी. यातले काहीच नव्हते.

या दोघींनी त्यावर मुलांना दोष दिला नाही, पालकांना ‘अडाणी’ म्हटले नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरवले आणि बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरू लागली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द महाराष्ट्राने देशाला दिला तो असा. त्या अंगणात अक्षरांच्याही आधी पाठ होता तो अंघोळीचा, केस विंचरण्याचा, नखे कापण्याचा, नाक पुसण्याचा. तो पाठ आई आणि आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शाळेच्या चार भिंतींत दिलेला धडा मुलापुरता राहतो; अंगणात दिलेला धडा घर शिकते.

ताराबाईंनी ज्यांच्याकडून प्रेरणा घेतली त्या मारिया मॉन्टेसरी यांचा एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे एके दिवशी त्यांनी मुलांना काय शिकवावे, तर रुमालाने नाक कसे पुसायचे. गंमत म्हणून त्या बोलू लागल्या, रुमाल अलगद, आवाज न करता कसा वापरायचा ते करून दाखवले. मुले हसतील असे त्यांना वाटले होते. मुले हसली नाहीत. धडा संपताच त्यांनी उत्स्फूर्तपणे टाळ्या वाजवल्या. मॉन्टेसरींना त्याचा अर्थ मागाहून उमगला. नाक गळते म्हणून त्या मुलांना प्रत्येकाने हिणवले होते, ओरडले होते. पण नाक पुसायचे कसे हे आजवर कोणीही शांतपणे दाखवले नव्हते. प्रथमच कोणीतरी त्यांचा अपमान न करता त्यांना शिकवले होते.

आपल्या घरांत काय चालते ते या प्रसंगाशी ताडून पाहावे. ‘शी! घाणेरडा!’ हा शब्द मुलाच्या कानावर दिवसातून किती वेळा पडतो? आणि त्याच्या शेजारी बसून, त्याचे बोट हातात धरून, बोटांच्या बेचक्यांत साबण कसा फिरवायचा हे आपण किती वेळा दाखवतो? हिणवल्याने मुलाला घाणीची नव्हे, आपलीच लाज वाटू लागते. अशी लाज वाटणारे मूल समोर कोणी असेपर्यंत हात धुते आणि पाठ वळली की विसरते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ताराबाई-अनुताईंचा ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी झाला. आज विंझरपासून दिल्लीपर्यंत अंगणवाड्या आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे गरम आहार मिळतो, गाणी-गोष्टी मिळतात, वजन-उंची मोजली जाते. तुटपुंज्या मानधनावर, वह्या आणि मोबाईलमधील नोंदींच्या ओझ्याखाली, अनेक सेविका हे काम निष्ठेने करतात. त्या मुलांना रांगेत उभे करून हात धुवायला लावतात, मगच ताटावर बसवतात. पण शब्द राहिला आणि अंगण सुटले, असे खेदाने म्हणावे लागते. अंगणवाडी खोलीत गेली. मूल तेथे तीन-चार तास असते. उरलेले वीस तास ते घराचे असते. अंगणवाडीत लागू पाहणारी सवय त्या वीस तासांत पुसली जाते, कारण घरात ती कोणी पाळत नाही.

लहान मूल सांगितलेले ऐकत नाही, पाहिलेले करते. ग्रामीण महाराष्ट्रात आजही अनेक घरांत सकाळी मिसरी लावली जाते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड दातांना चोळत आई किंवा आजी उंबऱ्यावर बसते. शेजारी बसलेले नातवंड ते पाहते आणि एके दिवशी डबीत बोट घालते. त्या मुलाला ‘दात घास’ असे हजारदा सांगितले तरी त्याच्या लेखी दात घासणे म्हणजे काय, हे त्या डबीने आधीच ठरवून टाकलेले असते. त्या माउलीला दोष देण्याचा येथे हेतू नाही. तिलाही ही सवय तिच्या लहानपणी अशीच लागली असते. पण नातवासाठी म्हणून तिला ती सोडवता आली, तर एका वेळी दोन पिढ्यांचे भले होते. ‘तुम्हाला कर्करोग होईल’ या भीतीपेक्षा ‘तो तुमचे पाहून शिकतो’ हे सांगणे कित्येकदा अधिक परिणामकारक ठरते.

हे वाचून शहरी, सुशिक्षित वाचकाला हायसे वाटण्याचे मात्र कारण नाही. त्याच्या घरात मिसरीची डबी नसेल, मोबाईल आहे. मूल जेवत नाही म्हणून त्याच्यासमोर मोबाईल ठेवायचा, ते पडद्याकडे पाहत असताना भरवायचे आणि ताट संपले म्हणून समाधान मानायचे, ही सदाशिव पेठेपासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत रोजची पद्धत झाली आहे. आपण काय खातो, किती खातो, पोट भरले की नाही, हे त्या मुलाला कळतच नाही. भूक आणि तृप्ती ओळखण्याची निसर्गदत्त सवय आपणच मोडतो आणि पुढे ‘हा काही खातच नाही’ म्हणून डॉक्टरांकडे नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक नको, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप व तीन तास हालचाल हवी. आपल्या घरातील मूल रात्री किती वाजता झोपते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून महाराष्ट्र शासनाला फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घ्यावा लागला. निर्णय योग्यच. पण वडील अकरापर्यंत दूरचित्रवाणीसमोर, आई मोबाईलवर आणि मूल दोघांच्या मध्ये जागे, अशी घरे असतील तर शाळेची घंटा किती पुढे ढकलणार?

पूर्वी दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचे, शुभंकरोती म्हणायची, पाढे-पर्वचा म्हणायची, जेवायचे आणि झोपायचे, असा संध्याकाळचा ठरलेला क्रम मध्यमवर्गीय घरांत होता. आमच्या लहानपणी बाहेरून आलेल्याने पायांवर पाणी घेतल्याशिवाय आजी माजघरात पाऊल टाकू देत नसे. दाराशी घंगाळ भरून ठेवलेले असे, त्यात तांब्या असे. आज मागे वळून पाहताना वाटते, त्या शिस्तीचे बळ आजीच्या धाकात जेवढे होते, त्याहून अधिक त्या घंगाळात होते. पाणी दाराशी होते, तांब्या मुलाच्या हाताला पोहोचेल असा होता, आणि आजोबाही तेच करीत होते. आठवावे लागत नव्हते. क्रमच आठवण करून देत होता.

मात्र त्या जुन्या घराचे गोडवे गाताना एक कटू गोष्टही मान्य केली पाहिजे. स्वच्छतेला आपण सोवळे केले आणि सोवळ्याच्या नावाखाली माणसाला माणसापासून दूर ठेवले. कोणाचा स्पर्श झाला म्हणून अंघोळ करणारा समाज शौचाहून आल्यावर माती किंवा राख लावून भागवत राहिला. ज्यांनी सर्वांची घाण उचलली त्यांनाच आपण अस्वच्छ म्हटले. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले, त्यातील आशय हाच होता. ताराबाई-अनुताई दूर ठेवलेल्या वस्त्यांच्या अंगणात गेल्या, त्यांनी तेथील मुलांना स्वतःच्या हाताने अंघोळ घातली. समरसतेचा याहून मोठा पाठ कोणता? मुलांना स्वच्छतेची सवय लावताना ‘ते लोक घाणेरडे’ हे वाक्य घरात उच्चारले जात असेल, तर आपण मुलाला स्वच्छता नव्हे, तिरस्कार शिकवत आहोत.

आता प्रश्न उरतो तो करायचे काय, याचा. पहिली गोष्ट, उपदेशाआधी सोय. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या या डोंगरी भागातल्या अनेक वाड्या-वस्त्यांवर चैत्र-वैशाखात पाण्याची ओढाताण होते. हंडाभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या बाईला ‘मुलाचे हात दिवसातून पाचदा धुवा’ असे सांगणारा कार्यकर्ता तिच्या मनातून उतरतो. तेथे आधी नळाची, टाकीची, निदान दाराशी तोटी लावलेल्या छोट्या पिंपाची व्यवस्था पाहावी. साबण मुलाच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर ठेवावा. जाळीदार पिशवीत घालून बांधून ठेवला तर चिखलात पडत नाही, कुत्रे-कावळे नेत नाहीत. शहरात बेसिनखाली एक लहान चौरंग ठेवला तरी पुरे. साबणाने निदान वीस सेकंद हात चोळायला हवेत. घड्याळ पाहण्याऐवजी मुलाने शुभंकरोती सावकाश म्हणावी, तेवढ्यात वेळ होतो आणि प्रार्थनाही.

दुसरी गोष्ट, सोबत. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी वडिलांनी मुलाशेजारी उभे राहून दात घासावेत. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढीच पेस्ट पुरते, आणि सहा-सात वर्षांपर्यंत मुलाचे घासून झाल्यावर मोठ्यांनी एकदा ब्रश फिरवणे आवश्यक असते. हे काम आईचेच, असे समजणाऱ्या बापांनी रविवारची नखे कापणे तरी आपल्याकडे घ्यावे. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र, सर्वांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून करावे. ‘सर्वांचे’ या शब्दात आपलाही आला. आणि हात धुतल्याबद्दल चॉकलेटचे आमिष दाखवू नये. एक चांगली सवय लावताना दुसरी वाईट लावण्यात शहाणपण नाही. पाहुण्यांनीही खाऊ म्हणून रंगीत वेष्टनातली कुरकुरीत पाकिटे नेण्यापेक्षा केळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू न्यावेत.

तिसरी गोष्ट, धीर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, प्रौढांना एखादी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मोठ्यांची ही कथा, तर चार वर्षांच्या मुलाने चार दिवसांत सुधारावे अशी अपेक्षा आपण कशी करतो? त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. तेव्हा चुकले तर ओरडू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी पाणी भरून ठेवावे.

आणि चौथी गोष्ट समाजाची. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा आपल्या वस्तीतील अंगणवाडीत जावे, पण तपासनीस म्हणून नव्हे. सेविकेला विचारावे, काय हवे? बहुधा उत्तर साधे असेल: पाण्याची टाकी, चार साबण, नखे कापण्याचे यंत्र, दोन फण्या. ते द्यावे. आणि मग तिला विनंती करावी की महिन्यातून एक दिवस अंगणवाडी पुन्हा एखाद्या अंगणात भरवू या. आई, आजी, आणि जमल्यास वडीलही समोर असतील असे पाहू या. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेले आणि गणपती-होळीला गावी येणारे तरुणही यात उतरले, तर त्यांच्या मुलांनाही गावाच्या अंगणात बसता येईल.

विंझरच्या बांधावर खेळणाऱ्या मुलाची आणि कोथरूडच्या पंधराव्या मजल्यावर मोबाईल पाहत घास गिळणाऱ्या मुलाची गरज एकच आहे. त्यांना हवा आहे तो शेजारी बसून, न हिणवता, स्वतः करून दाखवणारा मोठा माणूस. राष्ट्र घडवण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ करतो, त्या कराव्यातच. पण आज संध्याकाळी घरातील सर्वांत लहान मुलाचा हात आपल्या हातात घ्यावा, त्याची नखे पाहावीत, आणि त्याच्याबरोबर आपलेही हात धुवावेत. कामाची सुरुवात तेवढ्याने होते.